सोलापुरातून मुलीला शिडाची होडी शिकवायची आहे: प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे?

जुळे_सोलापूर (१६ फेब्रुवारी)

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे आणि जूनमध्ये तिला अकरावे वर्ष लागेल. गेल्या दिवाळीत आम्ही हैदराबादला नणंदेकडे गेलो होतो. तेथे एका सकाळी हुसेन सागराच्या काठी फिरत असताना तिला लहान मुलांच्या दहा-बारा पांढऱ्या होड्या दिसल्या. प्रत्येक होडीत एकच मूल, एकच शीड आणि हातात एक दोरी. ती मुले वाऱ्याबरोबर लांबवर गेली आणि थोड्या वेळाने वारा न बदलताच परतही आली. तिने मला विचारले, "आई, यांना इंजिन नाही, वल्ही नाहीत, मग वारा तिकडे वाहत असताना ही इकडे कशी आली?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून ती हाच प्रश्न धरून बसली आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला हे शिकायचे आहे, असे तिने स्वच्छ सांगितले आहे.

मला तिची ही इच्छा मनापासून पुरवावीशी वाटते. परंतु आपल्या शहरात हा खेळ कोणी खेळत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यात घरी सासूबाईंचा ठाम विरोध आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले, ती बातमी त्यांच्या मनातून गेलेली नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनातून गेलेली नाही. त्यांचा विरोध मला अडाणीपणाचा वाटत नाही, म्हणून त्यांना नुसता धीर देण्याऐवजी खरी माहिती द्यावी, अशी माझी इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. या वयाच्या मुलांना सुरुवात कोणत्या होडीवर करून देतात? पोहणे किती यावे लागते? सोलापूरहून सोयीचे ठिकाण कोणते? आणि एखाद्या क्लबात पैसे भरण्यापूर्वी पालकाने प्रत्यक्ष काय तपासावे? ज्यांनी स्वतःच्या मुलांना शिकवले आहे किंवा ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शीडवाला (१६ फेब्रुवारी)

मी मूळचा मोहोळ तालुक्यातला. नौदलातून निवृत्त झालो आणि सेवेत असताना काही वर्षे मुलांना शीड शिकवण्याचे काम केले. आपल्या मुलीचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

वारा मागून आला तर तो शिडाला ढकलतो, हे कोणालाही समजते. वारा बाजूने किंवा तिरका पुढून येतो तेव्हा मात्र शीड पंखासारखे काम करते. त्याच्या फुगलेल्या बाजूवरचा आणि आतल्या बाजूवरचा हवेचा दाब वेगवेगळा होतो आणि होडी आडवी व थोडी पुढे ओढली जाते. आता होडीच्या मधोमध एक सपाट फळी पाण्यात खाली सोडलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. ही फळी होडीला आडवे सरकू देत नाही, त्यामुळे उरलेली ओढ तिला पुढे नेते. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीच शिडाची होडी जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा वर्ज्य असतो, म्हणून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी वळणे घेत वर चढावे लागते. तुळजापूरचा घाट चढताना रस्ता जसा वळणे घेतो, तसेच हे आहे. या वळण घेण्याला टॅकिंग म्हणतात.

आपण ज्या पांढऱ्या होड्या पाहिल्या त्या ऑप्टिमिस्ट जातीच्या असणार. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली ही होडी मुलांसाठीच आखली. लांबी सुमारे २.३ मीटर, सांगाड्याचे वजन ३५ किलो आणि शीड साधारण ३.३ चौरस मीटर. सातव्या-आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतची मुले ती एकट्याने चालवतात. आपल्या मुलीला या होडीत अजून चार-पाच वर्षे मिळतील, तेव्हा उशीर झाला असे मुळीच समजू नये. टोकियो ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या होडीत भारताकडून उतरलेल्या पहिल्या महिला खेळाडू नेत्रा कुमानन यांनी चेन्नईत २००९ साली उन्हाळी शिबिरातूनच सुरुवात केली आणि तेव्हा त्या सुमारे बारा वर्षांच्या होत्या.

चौकशी करताना एक घोळ होतो, तो टाळावा. आपल्याकडे वर्तमानपत्रे वल्ह्यांच्या खेळालाही 'नौकानयन' म्हणतात आणि शिडाच्या खेळालाही. दत्तू भोकनळ यांना नौकानयनपटू म्हणतात, पण त्यांचा खेळ वल्ह्यांचा, म्हणजे रोइंगचा. पुण्याकडे चौकशी केली तर बरेच लोक आपल्याला रोइंगकडेच पाठवतील. म्हणून फोनवर 'सेलिंग, ऑप्टिमिस्ट' असे स्पष्ट विचारावे. खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाचा सराव चालतो, पण तो एनडीएच्या छात्रांचा आहे.

सोलापूरकरांना माझ्या मते हैदराबाद सर्वांत जवळचे आणि सोयीचे. मुंबई-हैदराबाद हुसेनसागर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. त्या तलावावर संजीवय्या पार्कजवळ यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे आणि लष्कराच्या ईएमई शाखेची सेलिंग संघटनाही त्याच पाण्यावर सराव करते. मुंबईत गेट वे ऑफ इंडियाच्या परिसरात जुने क्लब आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ सालचा. परंतु मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा प्रवाह असतो, मोठी जहाजे ये-जा करतात आणि पावसाळ्यात तेथील शिडे उतरवून ठेवतात. पहिल्या पाच दिवसांसाठी बंदिस्त तलाव बरा.

काय तपासावे, हे उद्या वेळ काढून लिहितो. तो विषय घाईने लिहिण्याचा नाही.

भीमातीर (१७ फेब्रुवारी)

मी टेंभुर्णीजवळ राहतो आणि आमची शेती उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. 'सोलापूर जिल्ह्यात एवढे मोठे पाणी असताना हैदराबादला कशाला जायचे?' असा प्रश्न कोणीतरी विचारील, म्हणून आधीच लिहितो. पाणी मोठे आहे हे खरे, धरण भरले की ११७ टीएमसी. परंतु उन्हाळ्यात हेच पाणी इतके खाली जाते की जेथे दिवाळीत होड्या चालत होत्या तेथे मेमध्ये भेगा पडलेला गाळ आणि बुडालेल्या गावांचे अवशेष दिसतात. पाण्याखाली कोठे झाडाचे खोड, कोठे जुनी भिंत आहे हे मासेमारी करणाऱ्यांनाच ठाऊक असते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे वारे सुटतात. आभाळ एका बाजूने काळे होते, दहा मिनिटे वारा अगदी पडतो आणि मग एकदम धुळीचा लोट येतो. २०२४ च्या त्या संध्याकाळीही वारा असाच अचानक उठला होता. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गावात कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

ज्या पाण्यावर प्रशिक्षक नाही, बचाव बोट नाही आणि आभाळ पाहून मुलांना परत बोलावणारे कोणी नाही, तेथे कोणी ओळखीच्या होडीवाल्याला सांगून मुलाला 'थोडे शिकवून' आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. शहरातील सिद्धेश्वर किंवा संभाजी तलाव यासाठी लहान पडतात आणि झाडे व इमारतींमुळे तेथे वारा सलग मिळत नाही. १८७१ सालचा हिप्परग्याचा एकरुख तलाव आकाराने पुरेसा आहे. तेथे एखाद्या संस्थेने रीतसर परवानगी घेऊन केंद्र काढले तर मला फार आनंद होईल, परंतु आज मुलगी शिकवायची असेल तर बाहेर जाणेच योग्य.

सूर_मारा (१७ फेब्रुवारी)

मी जलतरण शिकवते. क्लबचे नियम थोडेफार वेगळे असतात, पण मूल अंगावर कपडे असताना निदान ५० मीटर न थांबता पोहू शकले पाहिजे आणि खोल पाण्यात पाच मिनिटे स्थिर तरंगत राहू शकले पाहिजे, असा माझा स्वतःचा आग्रह आहे. फेब्रुवारीत आज सुरुवात केली तर मेपर्यंत हे सहज साधते.

आपल्याकडे गावाकडची मुले विहिरीत पाठीला डबा बांधून शिकतात आणि उत्तम पोहतात, त्यांचे मला कौतुकच आहे. शहरातली मुले मात्र तलावाच्या उथळ भागात, चष्मा लावून, काठाला हात लावत पोहायला शिकतात. त्यामुळे पाय न टेकणाऱ्या गढूळ पाण्यात पहिल्यांदा पडल्यावर चांगली पोहणारी मुलेही घाबरतात. म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांत तीन गोष्टींचा सराव करून घ्यावा. टी-शर्ट आणि लांब पँट घालून पोहणे, जॅकेट घालून पाठीवर तरंगणे, आणि पाण्यावर पसरलेल्या चादरीखालून शांतपणे बाहेर येणे. तिसरी गोष्ट शिडासाठी आहे. होडी उलटली आणि मूल ओल्या शिडाखाली सापडले, तर हात वर करून कापड थोडे उचलायचे, म्हणजे हवेचा कप्पा तयार होतो, आणि मग एकाच दिशेने सरकत कडेला यायचे. हा सराव प्रशिक्षक पाण्यात शेजारी असतानाच करावा. पालकांनी परस्पर करू नये.

शीडवाला (१७ फेब्रुवारी)

काल म्हटल्याप्रमाणे लिहितो. माझे एकच सांगणे आहे. क्लबचे नाव, भिंतीवरचे चषक आणि प्रमाणपत्राचा कागद बाजूला ठेवावा आणि पैसे भरण्यापूर्वी एक सकाळ काठावर उभे राहून तेथील बचाव बोट पाहावी. ती कोठे आहे, तिचे इंजिन चालू आहे का, आणि तिच्यात बसलेला माणूस मुलांकडे पाहतो आहे की मोबाइलकडे, एवढे पाहिले तरी त्या क्लबची निम्मी ओळख पटते.

त्या बोटीच्या चालकाच्या मांडीला किंवा मनगटाला एक दोरी अडकवलेली असते, बहुधा लाल रंगाची आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिला किल कॉर्ड म्हणतात. चालक तोल जाऊन पाण्यात पडला तर ती दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. नाहीतर पंखा फिरत असलेली रिकामी बोट पाण्यातल्या मुलांभोवती गोल फिरत राहते. ज्या चालकाने ही दोरी बांधलेली नाही, त्याच्या भरवशावर मी माझी नात सोडणार नाही.

दुसरे जॅकेट. मुलांना बहुधा बॉयन्सी एड प्रकारचे जॅकेट देतात, ज्याची तरंगण्याची ताकद ५० न्यूटन असते. ते पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या व्यक्तीसाठी आहे. बेशुद्ध व्यक्तीला उताणे करून तोंड पाण्यावर ठेवण्याची खात्री ते देत नाही. त्यासाठी मोठे लाइफ जॅकेट असते, पण ते घालून होडीत हालचाल करणे अवघड होते. म्हणूनच बॉयन्सी एड वापरणाऱ्या ठिकाणी बचाव बोट जवळ असणे अनिवार्य ठरते. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर किती वजनाच्या व्यक्तीसाठी ते आहे हे छापलेले असते, ते वाचावे. मग सर्व पट्टे आवळून मुलीच्या खांद्यांवरून जॅकेट दोन्ही हातांनी वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत वर आले तर मोठे आहे, दुसरे मागावे. 'वाढत्या अंगाचे' जॅकेट कधीही घेऊ नये.

तिसरे, एका प्रशिक्षकामागे मुले किती. शिडाच्या होड्यांचे प्रशिक्षण पाहणाऱ्या ब्रिटनच्या आरवायए संस्थेच्या पद्धतीत एकट्याने चालवण्याच्या होड्यांसाठी एका प्रशिक्षकामागे सहाच मुले असतात. आपणही तोच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. चौथे, पाण्यावर जाताना आणि परतताना मुले मोजतात का, ते पाहावे. पाचवे, होडी उलटवून सरळ करण्याचा सराव कोणत्या दिवशी घेतात, ते विचारावे. पहिल्या एक-दोन दिवसांतच, किनाऱ्याजवळ घेतात, असे उत्तर आले पाहिजे. 'आमच्याकडे होडी उलटतच नाही' असे कोणी म्हणाले तर तेथून नमस्कार करून निघावे. ऑप्टिमिस्ट उलटतेच. तिच्यात हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे ती बुडत नाही. मुलाने होडी न सोडता तिला धरून राहायचे, डॅगरबोर्डवर उभे राहून मागे झुकायचे, होडी सरळ झाली की आत चढून डब्याने पाणी उपसायचे. सासूबाईंना हेच नीट समजावून सांगावे. येथे उलटणे हा अभ्यासक्रमातला धडा आहे, आणि तो आधी शिकवतात म्हणूनच पुढे मूल घाबरत नाही.

ताणाबाणा (१९ फेब्रुवारी)

आमचे घर अशोक चौकाच्या मागे. आमच्या पद्मशाली समाजातील अनेकांप्रमाणे आमचेही निम्मे गणगोत तेलंगणात आहे, त्यामुळे राहण्याची अडचण नव्हती. माझ्या मुलाने तिकडे दोन उन्हाळी शिबिरे केली, एक नवव्या वर्षी आणि एक दहाव्या.

प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत, छायाचित्रे, डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि पालकांचे हमीपत्र मागितले. हमीपत्र इंग्रजीत असते आणि गर्दीत पुढे सरकवले जाते. ते घरी आणून पूर्ण वाचावे, विमा कोणाचा आहे आणि कशाचा आहे हे लेखी विचारावे. शुल्काचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. परंतु त्यात होडीचे भाडे, जॅकेट आणि बचाव बोटीचे इंधन धरलेले आहे का, हे विचारून घ्यावे. आमच्या पहिल्या वर्षी खर्च शुल्कापेक्षा राहण्या-जाण्याचाच अधिक झाला.

सामानात काय द्यावे, ते अनुभवाने सांगतो. पूर्ण बाह्यांचा लवकर वाळणारा टी-शर्ट, टोपी आणि ती उडू नये म्हणून दोरी, ओले झाले तरी चालतील असे बंद बूट, चष्मा असेल तर मागून बांधायचा पट्टा, पाण्याची बाटली आणि वाळका टॉवेल. जीन्स आणि जाड सुती कपडे देऊ नयेत, ते भिजले की जड होतात. गळ्यातले, कानातले, हातातला कडा-करगोटा सगळे काढून ठेवावे, कारण दोरीत काय अडकेल ते सांगता येत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. शिबिरात रोज एक तास गाठींचा असतो. मुलगा परत आल्यावर हॉलमध्ये बसून दोन दोऱ्या जोडण्याची एक गाठ मारून दाखवत होता. तिला ते शीट बेंड म्हणतात. माझे वडील चाळीस वर्षे मागावर बसले, आता नजर अधू झाली आहे. त्यांनी त्याच्या हातातली दोरी घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "ही तर आपली गाठ आहे." ताण्याचा धागा तुटला की विणकर ज्या गाठीने दोन टोके जोडतो, तीच ही गाठ, फक्त दोरी जाड. त्यांनी शिवणाच्या डब्यातून धागा काढून डोळे मिटून तीच गाठ दोन सेकंदांत मारली. मुलाने दोन्ही गाठी शेजारी ठेवून वळसे मोजले. मी नंतर प्रशिक्षकांना विचारले, तेव्हा त्यांनीही सांगितले की विणकराची गाठ आणि शीट बेंड यांची बांधणी एकच आहे. त्या दिवसापासून वडिलांनी या खेळाविषयी एकही शंका काढली नाही. समुद्र न पाहिलेल्या आमच्या घरात ती गाठ आधीपासून होती, याचे मला आजही भरून येते.

एकच_लेकरू (२० फेब्रुवारी)

वरील सर्व वाचून माझा कटू अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. आम्ही तीन वर्षांपूर्वी किनारपट्टीवरील एका शिबिरात मुलाला घातले होते. नाव लिहीत नाही, कारण हेतू कोणाची बदनामी करण्याचा नाही. जाहिरात सुंदर होती आणि आम्ही ठिकाण न पाहताच येथून पैसे पाठवले. तेथे गेल्यावर कळले की चौदा मुलांमागे एक प्रशिक्षक आणि एक बचाव बोट आहे. तिसऱ्या दिवशी वारा वाढला, दोन होड्या एकाच वेळी उलटल्या आणि बचाव बोटीचे इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होईना. माझा मुलगा उलटलेल्या होडीला धरून होता. एका मच्छीमार बांधवाने आपली होडी वळवून दोन्ही मुलांना काठावर आणले. मुलाला इजा काही झाली नाही, परंतु जॅकेट त्याच्या मापाचे नसल्याने ते वर सरकून त्याच्या हनुवटीला घासले होते, त्याची लाल रेघ आठवडाभर दिसत होती. त्यानंतर तो पाण्याजवळ जाण्यास तयार नाही.

मी त्या वेळी एक दिवस आधी जाऊन केवळ तासभर पाहिले असते तरी हे टळले असते. म्हणून 'शीडवाला' यांनी जे लिहिले आहे, ते प्रत्येक पालकाने छापून जवळ ठेवावे.

जुळे_सोलापूर (२० फेब्रुवारी)

सर्वांचे मनापासून आभार. 'एकच_लेकरू', आपण हे लिहिलेत, याचे मोल मला फार आहे. माझी आणखी एक विचारणा आहे. हुसेन सागराच्या पाण्याविषयी बरेच ऐकले आहे. त्वचेला किंवा पोटाला त्रास होईल का? मुलीला लहानपणापासून थोडा दमाही आहे आणि या वयात पाळी केव्हाही सुरू होऊ शकते. याविषयी कोणाला मोकळेपणाने लिहिता आले तर बरे होईल.

बालवैद्य (२१ फेब्रुवारी)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. हुसेन सागरात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे, तेव्हा काळजी घ्यावीच लागेल. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात पाठवू नये. पाणी तोंडात गेले तर थुंकून चूळ भरावी, बाहेर आल्यावर साबणाने स्वच्छ आंघोळ करावी आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तलावातील पाण्याचा संपर्क आवर्जून सांगावा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा विचार वेळीच होतो. दहाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दिलेली आहे का, ते कार्डावर पाहावे.

दमा नियंत्रणात असेल तर तो आडकाठी ठरत नाही. परंतु प्रवेशअर्जात तो लपवू नये. इनहेलर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून बचाव बोटीवर ठेवण्यास द्यावा आणि त्यावर मुलीचे नाव लिहावे. फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पाऊल उचलू नये. पाळीविषयी आईने मुलीशी आधी बोलून ठेवावे, सामान सोबत द्यावे आणि शिबिरात महिला प्रशिक्षक किंवा सहायक आहे का, कपडे बदलण्यासाठी बंद खोली आहे का, हे निःसंकोच विचारावे. त्या दिवशी पाण्यात जायचे की नाही, हे मुलीला ठरवू द्यावे.

भीमातीर (२१ फेब्रुवारी)

एक शंका. पाच दिवसांचे शिबिर संपल्यावर मूल सोलापुरात परत येणार आणि पुढचे वर्षभर पाणी नाही. मग शिकलेले टिकते का?

शीडवाला (२२ फेब्रुवारी)

पोहणे किंवा सायकल जशी अंगात राहते, तसा होडीचा तोल राहतो. वाऱ्याची जाण मात्र सरावानेच राहते. वर्षातून दोनदा जाता आले, मेमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत, तरी मूल पुढे सरकते. मधल्या काळात गाठी, वाऱ्याचे निरीक्षण, पोहणे आणि शर्यतीचे नियम वाचणे हे घरी करता येते. गोडी टिकली तर पावसाळ्यात हैदराबादेत होणारी मान्सून रेगाटा, म्हणजे शिडाच्या होड्यांची शर्यत, मुलीला एकदा काठावरून दाखवावी. देशभरातली मुले तेथे येतात. पंधराव्या वर्षानंतर इल्का जातीची मोठी होडी असते, जिला पूर्वी लेझर म्हणत. तिच्यात सर्वांत लहान शिडाच्या प्रकाराला इल्का ४ म्हणतात.

समुद्रापासून दूर असणे ही अडचण आहे, हे मी नाकारत नाही. परंतु २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच इल्का ४ मध्ये रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातील देवासची, शेतकऱ्याची मुलगी, आणि ती भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झाली. देवासला तरी कोठे समुद्र आहे?

जुळे_सोलापूर (९ जून)

येथे सल्ला दिलेल्या सर्वांना काय झाले ते कळवणे मला आवश्यक वाटते.

मार्च आणि एप्रिल मुलगी रोज पोहायला गेली. हैदराबादेतील दोन ठिकाणे आम्ही पाहिली. एका ठिकाणी बचाव बोट काठाला बांधून ठेवलेली होती आणि मुले पाण्यावर होती. आम्ही काही न बोलता परतलो. दुसऱ्या ठिकाणी चालकाच्या मांडीला लाल दोरी दिसली, पाच मुलांमागे एक प्रशिक्षक होता आणि फलकावर प्रत्येक मुलाच्या नावाचा बिल्ला अडकवलेला होता. मूल पाण्यावर जाताना बिल्ला उलटा होई, परत आले की सुलटा. तेथे प्रवेश घेतला. सासूबाई आमच्याबरोबर आल्या. मीच तसा आग्रह धरला होता.

पहिला दिवस जमिनीवर शीड बांधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी होडी उलटवण्याचा सराव होता. मला सर्व माहीत होते, येथे दहा वेळा वाचले होते, तरीही शीड पाण्यावर आडवे झाले आणि तिचे डोके दिसेना, तेव्हा माझ्या पायांतले बळ गेले. दोन-तीन सेकंदच असतील. मग होडीच्या पलीकडून तिची पिवळी टोपी वर आली, नंतर डॅगरबोर्डवर दोन हात, मग गुडघा. ती फळीवर उभी राहिली, मागे झुकली आणि शीड पाणी निथळत हळूहळू वर आले. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी शेजारच्या प्रशिक्षिकेला एवढेच विचारले, "हे आणखी किती वेळा करून घेणार?" ती म्हणाली, "आजी, तिला कंटाळा येईपर्यंत." त्या दिवशी तिने ते सहा वेळा केले.

तिसऱ्या दिवशी वारा पूर्ण पडला आणि ती मध्येच अडकून रडकुंडीला आली. सगळ्या होड्या एका दोरीला बांधून ओढून आणाव्या लागल्या. चौथ्या दिवशी वळण घेताना बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, कपाळावर लागून टेंगूळ आले. बर्फ लावला आणि अर्धा दिवस विश्रांती दिली. पाचव्या दिवशी पश्चिमेला ढग जमताच साडेनऊलाच भोंगा वाजवून सर्वांना परत बोलावले. मुलांची नाराजी झाली, मला मात्र 'भीमातीर' यांचे शब्द आठवले आणि मी मनोमन त्यांचे आभार मानले. परत येतानाची वाट वाऱ्याच्या उलट होती. ती चार वळणे घेत आली आणि काठावर उतरताच तळहात दाखवून म्हणाली, "बघ, दोरी इथे कापते, पण सोडायची नाही." दोन्ही तळहातांवर आडव्या लाल रेघा होत्या. पुढच्या वेळी हातमोजे देणार आहे. सामानाच्या यादीत ते राहिले होते.

आता ती रोज संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांकडे पाहून वारा कोठून आहे ते सांगते. झुळूक येण्याआधी पाण्याचा तेवढाच पट्टा काळपट होतो, हे तिने मला शिकवले आणि परवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी आम्ही तिघींनी ते प्रत्यक्ष पाहिले. सासूबाईंनाच ते आधी दिसले.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाण्याचे ठरले आहे. नणंदेच्या घराची वरची खोली रिकामी असते. तेथे आणखी दोन मुली आणि त्यांच्या आया राहू शकतील. पोहणे आधी पक्के करणार असाल तर ऑगस्टअखेरपर्यंत कळवावे, म्हणजे गाडीची आरक्षणे एकत्र करता येतील.

एकच_लेकरू (१० जून)

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. काल मी त्याला आपले हे लिखाण वाचून दाखवले. होडी सरळ करण्याचा भाग त्याने स्वतः पुन्हा वाचला. दिवाळीत तो शिबिरात येईल असे मी म्हणत नाही, परंतु तुमच्या मुलीला काठावरून पाहायला येईन, असे तो म्हणाला आहे. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी राहण्याची सोय आम्ही वेगळी करू. आपण कोणत्या तारखांना जात आहात, तेवढे कळवावे.

जुळे_सोलापूर (१० जून)

अवश्य या. शाळेचे सुट्टीचे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी तारखा येथे लिहिते.